मीटरसाहेबांची गळती

आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'मीटरसाहेब' म्हणते, आणि ते ऐकून त्यांची मान जी ताठ होते ती घरी येईपर्यंत खाली येत नाही. उभं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात गेलं त्यांचं. लोकांच्या घरी जायचं, जिन्याखाली वाकायचं, मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची, आकडा वाचायचा आणि "तुमच्याकडे गळती आहे" असं सांगून समोरच्याचा दिवस खराब करायचा. समोरचा भांडायला लागला की यांचं ठरलेलं उत्तर, "मीटर खोटं बोलत नाही." माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी हे वाक्य कुठेतरी घुसवलं होतं म्हणे.

एक मात्र कबूल करायला हवं, कामात माणूस पक्का होता. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे, मान तिरकी करून डोळे मिटायचे आणि जमिनीखालचं पाणी ऐकायचे. मग हळूच म्हणायचे, "वाजतंय." तिथे खणलं की फुटका पाइप सापडायचाच.

निवृत्त झाले आणि आमची पंचाईत झाली. घरात वाचायला मीटर एकच, आणि त्यात गळती नाही. तरी उठसूट जिन्याखाली जाऊन बघून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "अहो, सारखं काय बघता? तो काय अंडं घालणार आहे?"

मग घरात इंटरनेट आलं.

ते आलं माझ्या नणंदेमुळे. ती राहते लांब, परदेशात. तिला मुलगी झाली, आणि नातीला मांडीवर घ्यायचं सासूबाईंच्या नशिबी नव्हतं, कारण त्यांच्या गुडघ्यांचं आणि विमानाच्या जिन्याचं जमण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात मोबाइलची रेंज नावाला. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर 'हॅलो'पर्यंत मजल जाते. म्हणून आमच्या ह्यांनी घरी नेटची जोडणी घेतली. कपाटावर राउटर बसला. ह्यांचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, तो अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ताब्यात घेतला. आम्हा बाकीच्यांचे आपापले फोन होते, त्या डबड्याकडे कोण बघतंय!

तेव्हापासून सासूबाईंची दुपार छकुलीची झाली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायच्या आणि समोर बसायच्या. छकुली पालथी पडली, रांगली, कपाटाचं दार उघडून आत बसली, सगळं त्यांनी त्या तांब्याशेजारी बसून पाहिलं. नात आजीला ओळखायला लागली होती. स्क्रीनला नाक लावायची.

आणि एकदा महिना संपायच्या आत डेटा संपला. आमच्या योजनेत महिन्याला ठरावीक डेटा मिळतो. तो संपला की नेट बंद पडत नाही, पण नवा महिना लागेपर्यंत रडतखडत चालतं. ह्यांनी तसं सांगितलं तेव्हा अप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना, तसं मी ह्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"घरात गळती आहे," ते म्हणाले. आनंदाने म्हणाले हो, शपथ सांगते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनतरी फुकटातला एक मीटर शोधून कॉम्प्युटरवर बसवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल तबकडी, तिच्यात काटा, खाली आकडा. डेटा वापरला की काटा हलतो आणि आकडा वाढतो. अप्पांनी अंगठ्याने पडदा पुसला आणि खुर्ची पुढे ओढून बसले. ते जे बसले ते बसलेच.

शिवाय त्यांना नेटवर प्रेशर बघायचं एक पान सापडलं. मोठं बटण दाबलं की किती वेगाने डेटा येतो ते दिसायचं. "नळ पूर्ण सोडल्याशिवाय प्रेशर कळत नाही," असं म्हणून ते बटण दाबायचे. चहाच्या आधी दाबायचे, चहाच्या नंतर दाबायचे, आंघोळीला जाता जाता दाबायचे, झोपून उठले की दाबायचे. कोणी पाहुणा आला तर त्याला बसवून, पाणी द्यायच्या आधी प्रेशर दाखवायचे.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की आकडा जाहीर व्हायचा आणि आरोपी ठरायचा. आधी मी ठरले, कारण मी औषधांच्या दुकानातून येऊन पाय चोळत गाणी ऐकते. मी गाणी सोडली. आकडा वाढतच राहिला. मग हे ठरले. ह्यांनी मॅच बघणं सोडलं आणि घरभर उतरलेलं तोंड घेऊन फिरायला लागले. आकडा ढिम्म ऐकेना. मग पलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई ठरल्या, भिंतीतून आमचं नेट ओढतात म्हणून. अप्पांनी पासवर्ड इतका लांबलचक केला की तो टाकताना त्यांची स्वतःचीच दमछाक व्हायची.

शेवटी बाण वळला सासूबाईंकडे.

"आवाज म्हणजे ठिबक आणि चित्र म्हणजे उघडा नळ," अप्पांनी निकाल दिला. "उद्यापासून फोनवर चित्र बंद. बोला काय बोलायचं ते."

"आणि छकुली?"

"तिचा आवाज येईल की."

"अहो, ती आता खुर्चीला धरून उभी राहते. आज-उद्या चालेल. तिचं पहिलं पाऊल मला बघायचंय हो. दुसरं काही मागितलंय का मी तुमच्याकडे?"

सासूबाईंनी खरंच काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा ह्यांनी आणली तर घ्यायच्या. अप्पा थोडे विरघळले, म्हणाले, "बरं. चालणार असेल त्या दिवशी चित्र चालू करू. आधी कळवायला सांग."

एक वर्षाच्या पोरीने चालायच्या आधी अर्ज करायचा! मी पोळपाट जरा जोरातच आपटला. पण सासूबाईंनी मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून फोन तांब्याला टेकवायचं बंद झालं. कानाला लावून बसायच्या.

"आता काय करतेय ती?"

"उभी आहे, आई."

"कशी उभी आहे?"

"उभी आहे म्हणजे उभी आहे, आई! आता कसं सांगू?"

मला तर ऐकवत नव्हतं. मी उठून आत जायचे.

आता गंमत बघा, चित्र बंद केलं तरी आकडा वाढतच होता. अप्पांचं डोकं फिरलं. त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं, बंद चाचणी. इमारतीत गळती सापडत नसेल तेव्हा खात्यात असंच करायचे. सगळ्या घरांचे नळ बंद करायचे आणि मीटर बघायचा. तरी काटा हलला तर गळती नक्की. मग एकेक नळ उघडून चोर पकडायचा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्हाला बैठकीच्या खोलीत बोलावलं. सगळ्यांचे फोन बंद करून एका ताटात ठेवले. टीव्हीची पिन काढली. अप्पा फ्रिजची पिन काढायला निघाले तेव्हा हे म्हणाले, "अप्पा, फ्रिजला नेट नाही."

"विषाची परीक्षा नको," असं म्हणून त्यांनी ती काढलीच.

"अहो, पोरीच्या फोनची वेळ झाली," सासूबाई म्हणाल्या.

"थोड्या वेळाने आभाळ कोसळत नाही. बस."

बसलो. हात मांडीवर, तोंड बंद. शाळेत कोणीतरी काच फोडल्यावर सगळ्या वर्गाला बसवतात तसे. काटा गप्प होता. अप्पा चुळबुळ करायला लागले. लाइन चालू आहे ना, अशी शंका आली म्हणून त्यांनी सवयीने ते प्रेशरचं बटण दाबलं. काटा टुणकन उडाला, आकडा भराभरा वर गेला.

"बघितलंत?" अप्पा ओरडले. "सगळं बंद, तरी गळती! आता एकेक नळ उघडू. आधी हिचा."

सासूबाईंनी ताटातला फोन उचलून चालू केला. तो जिवंत होतो न होतो तोच वाजायला लागला. पोरीने किती वेळा फोन केला होता देव जाणे. आणि शेवटी एक व्हिडिओ.

सासूबाईंनी चष्मा लावला. आम्ही दोघं त्यांच्या मागे वाकलो. छकुलीने खुर्ची सोडली. हात वर, तोंड उघडं, एक पाऊल, दुसरं पाऊल, अजून एक, आणि धप्पकन खाली. मागून नणंदेचा आवाज येत होता, "आई, उचल ना गं फोन! बघ ना, चालली!"

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "अहो, बघा तरी," त्या म्हणाल्या.

अप्पा काट्याकडे बघत होते. "परत लाव," ते म्हणाले.

नवऱ्याला पाझर फुटला असं वाटलं त्या भोळ्या बाईला. तिने परत लावला. अप्पा काट्याकडेच बघत होते. काटा आडवा पडलेला, जागचा हलला नव्हता.

"दुसरं लाव काहीतरी. मोठं लाव. सूनबाई, तूही लाव. सगळे लावा!"

मी सिनेमा लावला, ह्यांनी मॅच लावली. एवढी धुळवड चालली होती, पण काटा मेल्यासारखा पडून होता. अप्पांच्या कपाळाला घाम फुटला. ज्या माणसाने जन्मभर लोकांना ऐकवलं की तुमचा मीटर तुमच्याच घरचं पाणी मोजतो, शेजाऱ्याचं नाही, त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं. इतक्या दिवसांचं साचलं होतं माझं.

"अप्पा, हा मीटर घराचा नाही. फक्त ह्या कॉम्प्युटरचा आहे. आमच्या फोनचं त्याला काही दिसतच नाही."

वडिलांपुढे कधी तोंड न उघडणारे आमचे हे म्हणाले, "आणि कॉम्प्युटरवर तुमच्याशिवाय कोणी बसत नाही."

बुडत्याला काहीतरी धरायला हवं असतं. अप्पांनी प्रेशरचं बटण पुन्हा दाबलं. काटा शेवटापर्यंत गेला. नळ पूर्ण सोडून गळती शोधत होते बिचारे, रोज, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. तेवढ्यात माझा सिनेमा अडकला आणि ह्यांच्या फोनवर कंपनीचा संदेश आला की ह्या महिन्याचा डेटा संपला आहे.

सासूबाईंनी पोरीला फोन लावला. रडतखडत का होईना, लागला. "झोपली गं आई," ती म्हणाली. "दमली चालून चालून."

फोन ठेवून सासूबाई अप्पांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता त्यांचा. "माझी नात पहिल्यांदा चालली तेव्हा मी इथे हात मांडीवर ठेवून बसले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसवलंत." आणि आत गेल्या. फ्रिजची पिन मी लावली.

नवा महिना लागला. दुपारी तांब्या पुन्हा टेबलावर आला, फोन त्याला टेकला, चित्र चालू झालं. छकुली आता घरभर सुटली होती. अप्पा भांग पाडून, धुतलेला सदरा घालून आले आणि खुर्ची ओढून जवळ बसायला लागले. सासूबाईंनी फोन स्वतःकडे वळवला.

"तुम्ही तिकडे बसा. आवाज ऐका," त्या म्हणाल्या. "ठिबक."

मला वाटलं आता आकांडतांडव होणार. पण अप्पा मुकाट्याने गेले आणि बंद कॉम्प्युटरसमोर बसले. खरं सांगते, मला हसूही येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आता काय करतेय ती?"

"चालतेय."

"कशी चालतेय गं?"

"चालतेय म्हणजे चालतेय," सासूबाई म्हणाल्या.

अप्पांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि जुन्या सवयीने हात कानाशी नेला. पलीकडे फरशीवर इवले पाय पटपट पडत होते.

"वाजतंय," ते हळूच म्हणाले.

सासूबाईंनी फोन काही वळवला नाही. फक्त आवाज मोठा केला.