टक्केकाकांची चांदणी

आमच्या शाळेच्या कारकुनाला सगळे टक्केकाका म्हणतात. सव्वीस वर्षं त्यांनी एकच मोठं काम केलं, वर्षाअखेरीला वरच्या कार्यालयाला जाणारा तक्ता भरण्याचं. मुलं किती, मुली किती, कुणाच्या घरी कुठली भाषा, कुणाचे आईवडील काय करतात, वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावाहून किती आली, आणि यातल्या कोणत्या गटातली किती टक्के मुलं गणितात पास झाली. मी चित्रकलेचा मास्तर. माझी खोली शाळेला मिळालेल्या ढाली ठेवायला घेतली, तेव्हापासून माझं टेबल काकांच्या समोर आहे. त्यामुळे काकांची कला मी फार जवळून पाहिली.

कला कसली, तर तक्त्याच्या तळाशी एक नियम आहे. ज्या गटात दहापेक्षा कमी मुलं, त्याचा निकाल छापायचा नाही, एकूण निकालातही धरायचा नाही. तिथे नुसती चांदणी काढायची. कुणा भल्या माणसाने तो मुलांसाठीच केला असणार. गट लहान असला की कोण नापास झालं ते सगळ्यांना कळतं, ते कळू नये म्हणून. काकांनी त्या चांदणीखाली शाळेची अब्रू झाकली.

मध्येच आलेली मुलं गणितात हमखास गटांगळ्या खायची. जुन्या शाळेत अपूर्णांक व्हायचे असतात, नव्या शाळेत ते होऊन गेलेले असतात. सातवीत अशी बारा मुलं असली की काका त्यातली पास झालेली तीन अलगद उचलत आणि ‘स्थानिक’ रकान्यात नेऊन बसवत. पेनाच्या एका फटक्यात तिघं इथली! उरली नऊ, म्हणजे चांदणी. निकाल ऐंशी टक्के, आणि पंचाहत्तरच्या वर म्हणून ढाल. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ढाल छातीशी धरून फोटो काढायच्या. मीही त्या फोटोत असायचो, दुसऱ्या रांगेत, दात काढून.

गोची एवढीच होती की कच्च्या मुलांसाठी गणिताची जादा शिक्षिका मिळायची ती तक्ता बघून. चांदणीला शिक्षिका कोण देणार?

गेल्या वर्षी काकांची मुलगी नोकरीतल्या बदलीमुळे पोरीला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा अर्धं वर्ष उलटलं होतं. नात सातवीत बसली आणि वार्षिक परीक्षेत गणितात तिला पन्नासपैकी अकरा पडले. काका हादरले. शाळा सुटल्यावर कचेरीतच तिला घेऊन बसू लागले.

“एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?”

“चतुर्थांश.”

“कसा काय?”

“चार मोठे ना तिनापेक्षा!”

काकांनी गणकयंत्र पुढे ओढलं आणि आकडे दाबले. “हे बघ, हे काय म्हणतंय.”

“ते म्हणतंय हो. पण का म्हणतंय?”

सव्वीस वर्षं टक्के काढलेल्या माणसाला ते सांगता येईना. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. तेवढ्यात पोरीची नजर टेबलावरच्या कच्च्या तक्त्यावर गेली.

“आजोबा, इथे चांदणी का?”

“तिथे नऊ मुलं आहेत.”

“दिसत तर नाहीत.”

“थोडी आहेत म्हणून दाखवत नाहीत.”

“सगळी माझ्यासारखी नापास?” काका चष्मा पुसत बसले. “मग मला कुठे लिहिलंत?”

“अजून लिहिलं नाही,” काका म्हणाले. माझं हसू तिथेच गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः कचेरीत आल्या. “काका, तिला स्थानिकमध्ये टाका. तुमच्या तीन पिढ्या इथल्या, कोण हरकत घेतंय? एक नापास वाढली तरी अठ्ठ्याहत्तर टक्के राहतात. मी करून बघितलंय.”

“आणि गणिताची शिक्षिका?”

“नातीला बाहेर शिकवणी लावा की!”

“बाकीच्या नऊ जणांचं काय, बाई?”

मोठ्या बाईंना खरोखरच नवल वाटलं. “काका, हे तुम्ही आजवर कधी विचारलं नाहीत!”

बाई गेल्यावर काकांनी कोरा तक्ता काढला. उचललेली तीन मुलं जागेवर आणून बसवली, नात धरली, आणि मध्येच आलेल्यांच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: तेरा. त्यातली नापास: दहा. एकूण निकाल सत्तर टक्क्यांवर आला. बाई रागावल्या, पण मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि दुसरा तक्ता भरणारं शाळेत कुणीच नव्हतं. त्यांनी सही ठोकली आणि महिनाभर काकांशी अबोला धरला. ढाल दुसऱ्या शाळेला गेली. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. फोटोची सवय लागते.

नवं वर्ष सुरू झालं आणि जादा शिक्षिका हजर झाली. पोरसवदा, पण कामाला वाघ. पहिल्याच दिवशी वही उघडून काकांसमोर बसली.

“मध्येच आलेली मुलं मागच्या वर्षी तेरा. त्याआधी?”

“नऊ.”

“त्याच्या आधी?”

“नऊ.”

“आणि त्याआधी?”

“नऊच.”

“दरवर्षी बरोब्बर नऊ? कमाल आहे!” ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच लिहून घेत होती.

काकांनी तिचा हात धरून पेन थांबवलं. “लिहू नका. जास्त असायची. मी नऊ करायचो.”

तिने वही मिटली. मग तिने हळूच विचारलं, “मग काका, ती मुलं गणित शिकली कुठे? पुढे काय झालं त्यांचं?”

काकांचे डोळे भरून आले.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “त्याचा रकाना नव्हता.”