रांझीचा सायकलवाला आणि माझं खोटं

रांझीच्या बस थांब्याजवळ बसणाऱ्या सायकलवाल्याला मी आमच्या कॉलनीभर मग्रूर ठरवलं होतं. आता माझ्या पंचाहत्तरीत तरी ते कबूल करायला हवं.

मी काही विचारलं की तो माझ्या तोंडाकडे बघून हसायचा आणि समोरच्या फरशीवर लिहायला खडू पुढे करायचा. मागे घंटी वाजली की मात्र लगेच वळायचा. चाकाच्या तारांवर पाना वाजवून, कान लावून, ढिली तार नेमकी शोधायचा. "ऐकू येतं त्याला, ढोंग करतो," असं मी सगळ्यांना सांगितलं. शेजाऱ्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं.

एकदा मी चिडून त्याच्यावर ओरडलो. माझा चेहरा बघून तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, मेंदूला झटका आला होता. कान चांगले आहेत. घंटी समजते, कुत्रं समजते. माणूस बोलला का नुसती खडखड. म्हणून खडू देतो ना."

त्याच आठवड्यात मी घरोघर जाऊन खरं सांगितलं. आता त्याच्याकडे पुन्हा सायकलींची रांग असते.

काल मी माझी सायकल घेऊन गेलो आणि त्याच्या फरशीवर खडूनं लिहिलं, "मी तुमच्याबद्दल खोटं पसरवलं. माफ करा."

त्यानं ते सावकाश वाचलं आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

"अच्छा, झालं ते. आता सायकल कुठं वाजून राहिली, ते लिहा."

मी लिहिलं, "मागचं चाक."

पाना घेऊन तो चाकाशी बसला आणि ऐकू लागला.