थ्रो कामठीचा

उके बाईंना कुठलीही आनंदाची बातमी सांगायला गेलं की त्या विचारायच्या, "मंग?" गणितात पास झाले बाई. "मंग?" माझं लग्न ठरलं बाई. "मंग?" नव्या मुलीला वाटायचं, बाईंना नीट ऐकू आलं नाही. ती पुन्हा सांगायची, जरा मोठ्यानं. बाई पुन्हा तेच विचारायच्या. शाब्बास हा शब्द मी पाच वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकला नाही. तरी शाळेतली प्रत्येक पोरगी आपली बातमी आधी त्यांनाच सांगायला धावायची.

त्या आमच्या खेळाच्या शिक्षिका. उत्तर नागपुरात आमची मुलींची शाळा होती. गिरणीत, रेल्वेत, विड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्यांच्या मुली तिथं शिकत. माझे वडील गिरणीत होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. पण आज सांगायचं आहे ते बाईंबद्दल आणि फुटबॉलबद्दल.

बाई ठेंगण्या, सावळ्या, खांद्यानं रुंद. पाचवारी पातळ, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नकार्यालाही त्या तेच बूट घालून जात. माहेर कन्हानचं, वडील कोळशाच्या खाणीत. तीन भाऊ फुटबॉल खेळायचे. "भावायले गोलकीपर भेटे नाही, म्हून मी होती," असं त्या सांगत. दोन विटा ठेवायच्या, मधे बहीण उभी करायची आणि तिघांनी लाथा हाणायच्या. त्यामुळे आमच्यातली कुणीही नवी पोरगी मैदानावर आली की बाई तिला आधी गोलमध्ये उभी करत. "पयले पोटात बॉल बसू दे. मंग समजते, समोरच्याले कसं लागते ते." आणि मैदानात कुणी नुसती उभी दिसली, की लांबून आवाज यायचा, "पाहून राहिली का खेळून राहिली वं?"

शाळेच्या गणवेशाचा निळा स्कर्ट आणि आत भावाची हाफपँट, असा आमचा थाट. नागपुरात तेव्हा मुलींचे फुटबॉलचे संघ हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यांना आम्ही हरवलं होतं आणि आम्हाला फार चढली होती. मी बाईंना म्हटलं, बाई, आता आपल्याला हरवणारं कोणी उरलं नाही. त्यांनी अर्थातच विचारलं, "मंग?"

त्या प्रश्नाचं उत्तर पंच्याऐंशी साली पावसाळ्यात पेपरात आलं. शिक्षकांच्या खोलीतला पेपर घेऊन बाई कवायतीच्या तासाला मैदानावर आल्या आणि आतल्या पानावरची चार ओळींची बातमी त्यांनी मोठ्यानं वाचली. युरोप खंडाचा विजेता फ्रान्स आणि दक्षिण अमेरिका खंडाचा विजेता उरुग्वे, यांचा एकच सामना पॅरिसला झाला. फ्रान्स दोन गोलांनी जिंकलं. कुणा मोठ्या माणसाच्या नावाचा चषक होता. हे काही जगाचं अजिंक्यपद नव्हे. आपापल्या खंडात जिंकलेले दोघे, एरवी समोरासमोर आले नसते, ते एकदा भेटले, एवढंच.

बाईंना ते एवढंच फार आवडलं. "आपापल्या घरी राणी असणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या घरची राणी बोलवा ना."

दुसऱ्या घरची राणी नागपूरजवळ कामठीला होती. तिथल्या मुलींच्या शाळेनंही आपल्या भागात सगळ्यांना हरवलेलं होतं. कामठीत फुटबॉल तर घराघरात. त्या मुलींचा गणवेश आकाशी कमीज आणि पांढरी सलवार. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं की उरुग्वेचा शर्टही आकाशीच असतो आणि फ्रान्सचा निळा. झालं, आम्ही निळे म्हणून फ्रान्स आणि त्या उरुग्वे. नकाशात उरुग्वे शोधताना आमची वनिता म्हणाली, एवढासा देश, बोटाखाली झाकतो. बाईंनी तिचं बोट उचलून नागपूरवर ठेवलं. तेही झाकलं.

त्याच वेळी कुणीतरी विचारलं, बाई, पॅरिसच्या सामन्याला प्रमुख पाहुणे कोण होते? हा प्रश्न वेड्यासारखा नव्हता. आमच्याकडे सामन्याची बातमी पाहुण्यांच्या नावानं सुरू व्हायची, मग अध्यक्ष, मग हार कुणी घातला, आभार कुणी मानले, आणि जागा उरली तर कोण जिंकलं. बाईंनी चार ओळी पुन्हा वाचल्या. "पाहुण्याचं नावच नाही छापलं," त्या म्हणाल्या. "गोल मारणाऱ्यायचं छापलं." पेपराची घडी घालून त्यांनी काखेत धरली.

सामना ठरवायला बाई रविवारी कामठीला गेल्या, एकदा नव्हे, बरेचदा. तिथली शाळा तयार होती. घरं तयार नव्हती. पोरी बसनं नागपूरला जाणार, परक्या वस्तीत खेळणार, परतणार कधी? बाई घरोघरी फिरल्या. संघाची कप्तान शबाना. तिचे वडील रहीमभाई हातमाग चालवायचे आणि तरुणपणी स्वतः चांगला फुटबॉल खेळलेले. बाकीचे बाप त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाई त्यांना खेळाबद्दल सांगू लागल्या तेव्हा त्यांनी माग थांबवला नाही. नुसतं म्हणाले, "खेल तो मैं समझता हूँ, बाई. लौटना समझाओ."

बाईंनी शब्द दिला. दिवे लागायच्या आत एकेक पोरगी तिच्या दारात, आणि सोडायला त्या स्वतः येणार. रहीमभाई म्हणाले, एकदा उशीर झाला तर ह्या गल्लीतली पोरगी पुन्हा मैदानावर दिसणार नाही. ते धमकी देत नव्हते, काय होईल ते सांगत होते. बाईंनाही ते पटलं. परत आल्यावर आम्हाला सांगताना त्या म्हणाल्या, "हारा का जिंका, पण साडेचारची बस सुटली तं कामठीचा फुटबॉल गेला, समजा."

दिवाळीनंतरचा शनिवार ठरला. खेळ तीनला सुरू करायचा. संस्थेचे सेक्रेटरी साहेब प्रमुख पाहुणे. साहेब वाईट माणूस नव्हते. शाळेची नवी खोली त्यांच्याच खटपटीनं झाली होती. पण त्यांच्या वेळेवर येण्याची आठवण कुणालाच नव्हती. आमच्याकडची रीत अशी, की पाहुणे येणार, दोन्ही संघ रांगेत उभे राहणार, पाहुणे एकेकीशी हात मिळवणार, बुटाच्या टोकानं चेंडूला पहिली लाथ मारणार, टाळ्या होणार, आणि मग खेळ.

तीन वाजले. दोन्ही संघ रांगेत. वस्तीतली माणसं मैदानाभोवती जमलेली, मुलींचा फुटबॉल म्हणून जरा हसत. साहेबांचा पत्ता नाही. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या फाटकाशी हार घेतलेल्या चपराशाजवळ उभ्या. उन्हं कलायला लागली तशी शबाना सारखी आभाळाकडे बघायला लागली. उके बाईंनी ते पाहिलं. त्या मोठ्या बाईंकडे गेल्या, काहीतरी बोलल्या. मोठ्या बाईंची मान नाही म्हणाली. उके बाई परत आल्या, चेंडू मधोमध ठेवला आणि शिट्टी फुंकली.

पंच त्याच होत्या. खेळ असा झाला की बघणारे हसायचे विसरले. कामठीच्या पोरी चेंडू पायाला चिकटवून पळत होत्या. मी डाव्या बाजूला बॅक होते. शबानानं मला दोनदा असं चकवलं की मी तिच्याऐवजी हवेला अडवत होते. कुणाचाच गोल नव्हता. दुसरा हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि साहेबांची गाडी फाटकातून आत आली.

मोठ्या बाई रुमाल हलवून थांबा थांबा करू लागल्या. उके बाईंची पाठ तिकडे होती, की त्यांनी ती केली होती, कोण जाणे. एवढ्यात माझ्या पायाला लागून चेंडू रेषेबाहेर गेला आणि घरंगळत थेट साहेबांच्या पुढ्यात थांबला. गळ्यात नुकताच हार पडलेला. समोर चेंडू, भोवती माणसं. साहेबांनी जन्मभर जे केलं तेच केलं. त्यांना वाटलं, चेंडू आपल्यासाठी ठेवला आहे. धोतराचा सोगा सावरून त्यांनी पंपशूच्या टोकानं त्याला हलकेच मैदानात ढकललं आणि हात जोडले. चपराशानं टाळ्या वाजवल्या.

बाईंनी शिट्टी फुंकली. चेंडू उचलला. शबानाकडे टाकला. हात लांब करून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "थ्रो कामठीचा."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि सबंध मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं चेंडू बाहेर गेला होता, शेवटचा पाय माझा लागला होता, आणि नियम तो होता.

त्या थ्रोवर गोल झाला नाही. झाला तो नंतर, शबानाचाच. पॅरिसला फ्रान्स जिंकलं, नागपूरला उरुग्वे. शेवटची शिट्टी होताच बाईंनी कामठीच्या पोरींना घामेजलेल्या कपड्यांनिशी बसथांब्यावर पळवलं आणि स्वतः त्यांच्याबरोबर गेल्या. मागे साहेबांनी भाषण केलं ते फक्त हरलेल्यांसाठी. चषक घ्यायला कोणी नव्हतं, तो कपाटात गेला. सोमवारी आम्ही बाईंना विचारलं, वेळेत पोचलात? म्हणाल्या, "पोचलो. रहीमभाई गल्लीच्या तोंडाशीच उभा होता. च्या पाजला."

संस्थेनं बाईंकडून खुलासा मागवला. पाहुण्यांचा भर मैदानात अपमान केला, असं कलम होतं. तिथं काय झालं ते मोठ्या बाईंनीच नंतर आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानच वाटत होता. माफी मागा, मिटवू, असं साहेबही म्हणत होते. बाई म्हणाल्या, "साहेबाचा मान उद्या बी ठेवता येते. मी पाह्यजे तं घरी जाऊन हार घालतो. पण पोरीयच्या बापाले देल्ला शब्द त्याच दिवसाचा होता." माफीचं त्या बोललेल्याच नाहीत. वर पॅरिसच्या बातमीत पाहुण्याचं नाव नव्हतं, हेही त्यांनी ऐकवलं. ते ऐकवलं नसतं तर कदाचित निभावलं असतं.

नाताळच्या आधी त्यांची बदली संस्थेच्या सावनेरच्या शाळेत झाली. घर नागपूरला, सासू अंथरुणावर. रोज पहाटेची एसटी धरायची आणि अंधार पडल्यावर परत यायचं. आम्ही वर्गावर बहिष्कार टाकायचं ठरवलं, तर त्या एका रविवारी माझ्या घरी आल्या. माझ्या आईसमोर मला म्हणाल्या, "काहून वं, तुही मॅट्रिक मी देऊ का?" बहिष्कार तिथंच संपला. मी पास झाले. त्यांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी जो एकच शब्द विचारला, त्याच्या उत्तरात मी कॉलेजचं नाव सांगितलं. घरी कॉलेजचा विषयही निघाला नव्हता.

आमच्या शाळेत मुलींचा फुटबॉल बंद पडला. सावनेरला सुरू झाला. शेतकऱ्यांच्या आणि खाणकामगारांच्या पोरी जमवून बाईंनी वर्षभरात संघ उभा केला आणि पुढच्या हिवाळ्यात कामठीला निरोप धाडला. मी कॉलेजला दांडी मारून पाहायला गेले. कामठीहून सावनेर लांब, एसटी बदलून जावं लागतं. उजेडात परतणं शक्यच नव्हतं. कोणी येणार नाही, असं मला वाटत होतं.

आल्या. एक टेम्पो करून आल्या, आणि पोरींच्या मागोमाग टेम्पोतून सात-आठ बाप उतरले. पाहुणे कोणी नव्हते, हार नव्हता. दोन्हीकडे एकेक गोल झाला आणि सूर्य कापसाच्या शेतामागं गेला. बाईंनी खेळ थांबवला. शिट्टी हातात धरून त्या रेषेवर बसलेल्या बापांकडे गेल्या. म्हणाल्या, बरोबरीत सोडते, पोरींना घेऊन निघा.

रहीमभाईंनी विडी विझवली नाही की ते उठले नाहीत. त्यांनी फक्त टेम्पोवाल्याला हात केला. त्यानं टेम्पो वळवून मैदानाकडे तोंड केलं आणि दिवे लावले.

"खेलने दो, बाई," रहीमभाई म्हणाले. "हम बैठे हैं."