दौलताबादच्या अंधारीत अक्काचा राजीनामा

फिरायला जायचं अक्कानं ठरवलं, हेच मुळात नवल. माझी थोरली बहीण फुलंब्रीजवळच्या तिच्या सासरगावची सरपंच. तिला गावाबाहेर काढणं म्हणजे विहिरीतून रेडकू काढणं. पण तिचाच फोन आला, "सुट्टी हाय ना तुला? दौलताबादला चल. इथं जो तो कान खातोय."

कारण मला ठाऊक होतं. निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून दोन गटांनी सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतलं होतं आणि अक्कानं खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून शब्द दिला होता. आता तिची मुदत संपत आलेली, आणि नळाची पाइपलाइन वरच्या वस्तीच्या अलीकडंच अडकलेली. पुढचे सरपंच अण्णा ती आपल्या आळीकडं वळवणार, अशी बोलवा. "राजीनामा देऊच नका," असं तिचाच गट म्हणत होता.

मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला चेव आला. संभाजीनगरहून वेरूळकडची एसटी धरली (रिक्षापेक्षा स्वस्त, खिडकी मिळाली तर झकास) आणि पडेगाव येईपर्यंत चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या पंडितांवर माझा तास घेऊनही झाला. त्यातले बरेच म्हणत, राज्यकर्ता आधी सज्जन हवा. राजपुत्राला सद्गुण शिकवा, राज्य नीट चालेल. काही म्हणत, जग कुठं सज्जन आहे? राज्य टिकवायचं तर वेळेला शब्दही मोडावा.

"आन् तुझं म्हणणं?"

"मोड. पाणी महत्त्वाचं."

"तुला काय जातंय म्हणायला. तू ऱ्हातो पुण्यात."

किल्ल्यावर सकाळीच जा, उन्हात खडक तापतो. पाण्याची बाटली घ्या. दारातले तिखटमीठ लावलेले पेरू सोडू नका. आम्ही वर जाताना खाल्ले आणि उतरतानाही.

अंधारी म्हणजे डोंगरातला वळणावळणाचा काळोखा बोगदा. वटवाघळांचा वास नाकात बसतो. बॅटरीवाला वाटाड्या घ्याच. आमचा म्हणाला, "सर झुकाव अम्मा. दुश्मन इधरइच से आता था. उजाला देख के भागा, तो सीधा खंदक में."

"बघ," मी म्हणालो, "सगळा किल्ला लबाडीवर उभा आहे."

"ती दुश्मनासाठी. अण्णाच्या पोरीच्या हळदीला मी गाणी म्हणलीत." मग ती वाटाड्याकडं वळली. "म्हंजे येऊ द्यायचं, पण आपल्या वाटेनं?"

"हौ अम्मा."

"व्हय," एवढंच म्हणून ती जी चढत सुटली, ती वरच्या बारादरी महालापर्यंत थांबली नाही. मी मागं धापा टाकत होतो.

पुण्यात परतलो, पायांचे गोळे उतरले, आणि तिचा फोन आला. तिनं खंडोबाच्या देवळापुढं गाव जमवून राजीनामा दिला होता. मग तोच बेलभंडारा अण्णांपुढं धरला. "म्हणलं, मी शब्द पाळला. आता तुमी उचला. वरच्या वस्तीला पाणी दिल्याबिगर दुसरं काम नाय."

"उचलला?"

"समदं गाव बघत होतं. न उचलून जातोय कुठं? चर खंदायलेत आता."

हा सज्जनपणा की डावपेच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि वर्गात काय सांगायचं हा प्रश्नच आहे. ती मात्र म्हणाली, "नळाच्या पाटीवर नाव अण्णाचं लागंल रं. वाईट वाटतंय थोडं." मलाही वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला.

"पाणी आलं की ये," ती म्हणाली. "शब्द मोड म्हणला होतास ना? पहिली घागर तूच उचलायची."