सुशीलाताईंच्या घरचा चहा

मित्रांनो, आमच्या चर्चच्या ग्रुपने आज फुलचूरमध्ये घरोघरी नाताळची गाणी गायली. प्रत्येक घरी चहा-फराळ झाला.

सुशीलाताईंचं घर तेवढं टाळलं. नवरा वारल्यापासून त्या धुणीभांडी करतात. "कायले त्यांना खर्चात पाडायचं?" असं आम्हीच ठरवलं. परतताना फक्त किराण्याची पिशवी द्यायला थांबलो.

अंगण सारवलेलं होतं. दाराला कागदी चांदणी. आत ताटभर गुजिया झाकून ठेवलेल्या आणि स्टोव्हवर चहाचं मोठं पातेलं.

पिशवीला त्यांनी हातही लावला नाही. "प्रभूच्या नावानं देण्याचा आनंद तुमालेच पायजे काय? मले नाही?"

आम्ही पिशवी घेऊन निघालो.

आता ग्रुपवर सगळे विचारून राहिले, ती कोणाला द्यायची. तुमच्या ओळखीत आहे का एखादी गरीब बाई, गुपचूप घेणारी?