मालकांना ऐकू येतं

आमच्या मालकांना ऐकू कमी येतं, असं मी दोन वर्षं सगळ्या पिंपरी पेंढारला सांगत आले. खोटं होतं ते. कान त्यांचे चांगलेच आहेत, मी मागच्या दारी लेकीशी फोनवर हळू बोलले तरी त्यांना कळतं. जात होतं ते दुसरंच. पाव्हणा आला की त्याचं नाव सुचायचं नाही, मोटर चालू केलेली विसरायची, जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. कुणी काही विचारलं आणि ते गप्प राहिले की मीच चटकन उत्तर द्यायची आणि म्हणायची, कान गेलेत हो त्यांचे. वेडा म्हणतील याची मला लई भीती. लोक मग त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. ते बावरून माझ्याकडं बघायचे, मी दुसरीकडं बघायची.

या उन्हाळ्यात मात्र मी थकले. विहिरीकडचं रान विकावं, जुन्नरला लेकीजवळ राहावं, मदतीला एखादी बाई ठेवावी, असं ठरलं. पण रान त्यांच्या एकट्याच्या नावावर. कुणी म्हणालं, कुलमुखत्यारपत्र करा, मग तुमच्या सहीनं सगळं होतं. लेकीनं जुन्नरच्या एका वकीलबाईंकडून कागद करून घेतले. मी आठवडाभर मालकांकडून त्यांचं नाव, गाव, कागद कशाचा ते घोकून घेतलं.

रजिस्टर ऑफिसात साहेब विचारायला लागले आणि मी सवयीनं मध्येच बोलले, जरा मोठ्यानं विचारा, ऐकू येत नाही त्यांना. साहेब बिचारे ओरडले, "बाबा, या बाई तुमच्या कोण?"

"वरडता कशाला राव? ऐकू येतं मला." मालकांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "चांगल्या बाई हायेत. माझं सगळं ह्याच करतात. नाव न्हाई इचारलं कधी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर वकीलबाईंनी मला बाकावर बसवून चहा पाजला. कागद समजत नसेल तर त्यांची सही घेता येत नाही, म्हणाल्या. आणि दोन वर्षांपूर्वी मुखत्यारपत्र केलं असतं, तरी आज ते चाललं नसतं. लिहून देणाऱ्याचं भान गेलं की तो कागदही संपला. मला हे नवंच. मी समजत होते, माणूस जिवंत तोवर कागद जिवंत. रान दोघांच्या नावावर करणं, बँकेचं खातं, मृत्युपत्र, सगळं भान होतं तेव्हाच उरकायला हवं होतं. आता कोर्टातून मला त्यांची पालक नेमून घ्यावी लागेल. किती दिवस लागतील, सांगता येत नाही. आजवर कुठल्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी विचारलं.

काय सांगणार? लोकांना खरं वाटावं म्हणून नेलं होतं, तेही कानाच्या.

संध्याकाळी शेजारचे भाऊजी ओट्यावर आले आणि नेहमीसारखे मालकांच्या कानाशी ओरडले. माझ्यात आता ताकद नव्हती. म्हटलं, "भाऊजी, हळू बोला. ऐकू येतं त्यांना. आठवत न्हाई."

भाऊजी जवळ सरकून हळू आवाजात कांद्याचं सांगत बसले, आणि मालक मान डोलावत ऐकत राहिले.

मी आत जाऊन लेकीला फोन लावला. डॉक्टरचा नंबर लावायला सांगितलं. माझ्या नावावर जे काय आहे, त्याचं याच आठवड्यात लिहून टाकू म्हटलं. "आन् मी एकच गोष्ट दोनदा सांगाय लागले, तर चारचौघांत सांग बाई. मला बहिरी करू नको."