सुनीतीबाईंचा उकिरडा

ईलिंगच्या गणपतीत कुणी विचारलं, "काय हो डॉक्टर, रिटायर झाल्यावर वेळ कसा घालवता?" की सुनीतीबाईंनी तोंड उघडायच्या आत शशिधरराव घाईघाईनं सांगून टाकत, "लोकल हिस्टरी करते ती." बाई तोंडातला मोदक शांतपणे गिळत आणि खणखणीत आवाजात दुरुस्ती करत, "उकिरडे उकरते मी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे." शेजारच्या बायका नकळत आपापले पदर सावरून घेत आणि नवरोजी प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहत.

बाईंचं सगळं असंच, जे काय ते तोंडावर. नवराबायको मिरजेच्या मेडिकल कॉलेजात एकाच वर्गात होती. बहात्तर साली दोघं इंग्लंडात आली, ते जी.पी. झाले आणि या भूलतज्ज्ञ. तीस वर्षं बाईंनी माणसं झोपवली आणि झोपवलेलं प्रत्येक माणूस नीट जागं केलं. एकदा एका नामवंत सर्जनचे हात थरथरताना त्यांना दिसले. ऑपरेशन संपल्यावर त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, "हे तू सांगतोस की मी सांगू?" त्या माणसानं पुन्हा सुरी धरली नाही आणि बाईंशी तो पुन्हा कधी बोललाही नाही. बाईंनी त्याचं जराही वाईट वाटून घेतलं नाही.

उकिरड्याचा नाद लागला तो मात्र सशामुळे. रिटायर झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बाई बेसिंगस्टोकच्या बाहेर शेताच्या कडेनं फिरत होत्या. सशानं बीळ उकरून बाहेर टाकलेल्या राखेत त्यांना मुरडलेल्या गळ्याची बाटली दिसली आणि त्या गळ्यात काचेची गोटी. सांगलीच्या बाजारातली गोटीसोड्याची बाटली इथे कशी आली, म्हणून बाई खाली बसल्या त्या अंधार पडेपर्यंत उठल्याच नाहीत. ती बाटली मुळात इथलीच, आणि इथली पोरं गोट्यांसाठी बाटल्या फोडत म्हणून धड सापडणं कठीण, हे त्यांना पुढे कळलं. तोवर गॅरेजमध्ये शशिधररावांची गाडी ठेवायला जागा उरली नव्हती.

ते शेत म्हणजे खडूची जुनी खाण होती. राणीच्या काळात गावानं आपल्या चुलींची राख, शिंपल्या, फुटकी भांडी, रिकाम्या बाटल्या तिथे गाड्या भरभरून ओतल्या होत्या. शेतकऱ्याची लेखी परवानगी घेऊन बाई दर रविवारी तिथे जात. जोडीला उदय असे, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये नोकरी करणारा नाशिकचा मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीचा, एका लेकीचा बाप. आठवडाभर स्क्रीनपुढे बसून त्याची मान आखडायची आणि रविवारी फावडं मारलं की सुटायची. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी नियम घालून दिले होते. भिंत आतून पोखरायची नाही, खड्डा बुजवल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि एकजण खाली उतरला की दुसऱ्यानं वर उभं राहून कडेवरची नजर काढायची नाही. राखेचा काही भरवसा नसतो, भेग दिसली की माणूस बाहेर.

खाली उदय आणि वर बाई, अशी वाटणी आपोआप झाली होती. दुसऱ्याचा जीव राखत उभं राहणं हे तर बाईंचं जन्माचं काम.

आणि दोन हजार सातच्या फेब्रुवारीत बाथरूमच्या टाइल्सच्या सरळ रेघा लाटांसारख्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून, रोज घरी नजर पडताळायला चौकटी छापलेला एक कागद दिला आणि स्पष्टच सांगितलं, मधली नजर जाते आहे, कडेची राहील. जिथे नेमकं बघावं तिथेच एक करडा डाग. बाईंनी तो कागद ब्रेडच्या डब्याखाली सारला. गाडी चालवणं सोडलं आणि दोष दिला एम थ्री हायवेवरच्या गर्दीला. शशिधरराव मुकाट्यानं त्यांना शेतावर सोडायला लागले. गाडीतून मात्र ते उतरत नसत. काचा वर करून रेडिओवर क्रिकेट ऐकत बसत.

उदयला बाईंनी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रविवार गेले असते, आणि रविवार गेले की उरणार होतं ते ईलिंगचं हळदीकुंकू आणि लोकांनी हाताला धरून रस्ता ओलांडून देणं. बाईंना त्याची भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी इतकी भीती वाटत होती.

जूनमधल्या एका रविवारी उदय पुरुषभर खोल खड्ड्यात होता. समोरच्या भिंतीत दगडी बाटलीचं तोंड दिसलं म्हणून तो थोडं आत उकरायला लागला. वर बाई कडेकडे बघत उभ्या होत्या. म्हणजे मान तिकडे होती.

राख सुटून खाली पडल्याचा बारीक आवाज येत होता, नेहमीसारखा. मधेच तो बदलला. सळसळ थांबली आणि जड, ओलसर थप् ऐकू आलं. ऑपरेशन थिएटरमध्ये रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की यंत्राचा सूर उतरतो, आणि तो उतरताना बाईंच्या कानांनी सगळ्यांच्या आधी टिपलेला असे. आताही तसंच झालं.

"उदय, बाहेर ये."

"एकच मिनिट ताई, बाटलीचा नेक दिसतोय, ऑलमोस्ट निघालाच..."

"उदय! आउट! नाऊ!"

या आवाजापुढे भले भले सर्जन हात वर करून उभे राहिले होते. उदय शिडीवर चढला, त्याचा एक पाय गवतावर आला आणि मागे अख्खी भिंत बसली. त्याचं फावडं दांड्यासकट गाडलं गेलं. तो धापा टाकत उभा राहिला, मग त्याला कडेवरची उरलेली भेग दिसली.

"ताई, ही तर तुमच्या पायाशी होती! बूट जाईल एवढी. तुम्हाला दिसली नाही?"

लक्ष नव्हतं म्हणता आलं असतं. ऊन डोळ्यांवर होतं म्हणता आलं असतं. बाईंना त्या क्षणी तो सर्जन आठवला, थरथरणारे हात एकमेकांत लपवून उभा असलेला.

"नाही दिसली," त्या म्हणाल्या. "नजर गेली आहे माझी. फेब्रुवारीपासून. तुला सांगायला हवं होतं, मी लपवलं."

उदयचा चेहरा पांढरा पडला. "चार महिने? मी खाली असताना? मायरा सात वर्षांची आहे हो!"

उदयनं बाईंचं फावडं घेऊन खड्डा एकट्यानं बुजवला, त्यांना हात लावू दिला नाही, आणि निरोप न घेता निघून गेला.

गाडीत बसल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. शशिधररावांनी रेडिओ बंद केला.

"मला मार्चपासून माहीत आहे. चहा कपाच्या बाहेर ओततेस तू."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली. तू वर उभी राहून पहारा करतेस हे मला कुठे ठाऊक होतं? मी कधी खाली उतरून बघितलंच नाही."

बाई पहिल्यांदा रडल्या त्या तेव्हा. रडून झाल्यावर घरी आल्या आणि त्यांनी उदयला फोन लावला. त्यानं उचलला नाही, तेव्हा मशीनवर निरोप ठेवला. "सुनीती बोलतेय. माफी मागते. पहाऱ्याचं काम मी सोडलंय, कायमचं. पण माझे हात शाबूत आहेत. वर उभं राहायला तयार असशील तर खाली मी उतरेन. नाही म्हणालास तरी तुझं बरोबरच असेल."

पहिला रविवार कोरडा गेला. दुसराही. बाईंनी गॅरेजमधल्या बाटल्या पुसून काढल्या, बोटांनी एकेक ओळखत.

तिसऱ्या रविवारी सकाळी उदयची गाडी दारात आली. त्यानं काच खाली केली. "छातीएवढाच खणायचा. पायऱ्या पाडून. आणि मी म्हटलं बाहेर, की बाहेर. नो आर्ग्युमेंट."

"मान्य," बाई म्हणाल्या. जन्मात त्या इतक्या पटकन कुणाला मान्य म्हणाल्या नसतील.

शशिधररावही बरोबर निघाले. शेतावर खणून उदयनं दिलं, मग बाई खाली गुडघ्यांवर बसल्या. डोळे त्यांनी मिटूनच घेतले, त्या डागाचा त्रास नको म्हणून. बोटं राखेत शिरली. शिंपली, बशीचा तुकडा, खिळा. वरून उदय दर पाच मिनिटांनी सांगत होता, "कड ओके आहे, ताई." त्याच्या शेजारी आणखी एक जोडी बूट येऊन उभे राहिल्याचं बाईंना आवाजावरून कळलं. चांगले पॉलिश केलेले असणार, चिखलात ते अगदी जपून पडत होते.

मग बोटांना काच लागली. गोल नव्हे, कोन होते. एक, दोन... सहा. आणि अंगभर उभ्या खाचा. बाईंनी ती हळूच सोडवली, तोंडापासून बुडापर्यंत बोट फिरवलं. कुठेही टवका नव्हता.

"विषाची आहे!" त्या आनंदानं ओरडल्या. "अंधारात कुणी औषध समजून उचलू नये म्हणून अशा खाचा पाडायचे. न दिसणाऱ्याच्या हाताला कळावं म्हणून!"

त्यांनी बाटली वर धरली. उदय हात पुढे करणार तेवढ्यात शशिधरराव गुडघे मोडून त्या उकिरड्याच्या काठावर बसले. खिशातला इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून त्यांनी बाटलीची काळी राख पुसली आणि ती उजेडात धरली.

बाईंनी मान वर केली. चार महिन्यांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"शशी, रंग कुठला आहे रे?"

"निळा," शशिधरराव म्हणाले. "गडद निळा आहे, सुनीती. थांब, सगळं सांगतो."